विश्लेषण : पेशींच्या नकाशापर्यंत दा. ध. कोसंबींचे गणित कसे पोहोचले?

देहू-आळंदी रस्त्यावर तळवडे लागते. एकीकडे वाहनांचे सुटे भाग बनवणारी वर्कशॉप, दुसरीकडे सॉफ्टवेअर पार्क, जवळून वाहणारी इंद्रायणी आणि देहूच्या पलीकडे भंडारा डोंगर. इथे औद्योगिक वसाहत नव्हती त्या काळात पुण्यातील एक गणिताचे प्राध्यापक हातात काठी घेऊन पुणे आणि मावळ परिसरातील टेकड्या पालथ्या घालत असत. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण कर्करोगाच्या गाठीतील एकेक पेशी तपासणाऱ्या आजच्या संशोधकांच्या संगणकात जे संख्याशास्त्र चालते, त्याच घराण्यातील एक महत्त्वाचा सिद्धांत कोसंबींनी १९४३ मध्ये पुण्यात राहून मांडला होता. तो सिद्धांत काय आहे, त्याचे श्रेय बराच काळ दुसऱ्यांना का मिळाले आणि इतिहासाच्या शोधात फिरणाऱ्या या माणसाकडून आजच्या जीवशास्त्राने काय शिकावे, याचा हा आढावा.

आजच्या पेशीशास्त्रापुढचा पेच काय?

माणसाच्या शरीरात सुमारे २० हजार प्रथिने घडवणारी जनुके आहेत. प्रत्येक पेशीत ती जवळपास सारखीच असतात, पण कोणते जनुक किती चालू आणि कोणते बंद, हे पेशीगणिक बदलते. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळी वागते ती यामुळेच. पूर्वी ऊतीचा तुकडा वाटून सगळ्या पेशींची एकत्र सरासरी काढली जाई. २००९ पासून एकाच पेशीतील आरएनए वाचण्याचे तंत्र पुढे आले. आज एका प्रयोगात हजारो, लाखो पेशी वेगवेगळ्या वाचता येतात.

यात एक अडचण आहे. पेशी सुट्या करण्यासाठी ऊती विरघळवावी लागते. मग कोणती पेशी कोणाच्या शेजारी होती, हे कळत नाही. तिची सगळी माहिती मिळते, पत्ता मात्र हरवतो. २०१६ नंतर जोर धरलेल्या दुसऱ्या तंत्रात ऊतीचा पातळ काप काचेवर ठेवून, जागा न हलवता जनुकांची नोंद घेतली जाते. इथे पत्ता टिकतो, पण या तंत्राच्या एका प्रचलित प्रकारात ५५ मायक्रोमीटर व्यासाच्या एका ठिपक्यात अनेक पेशी एकत्र मोजल्या जातात. पहिल्या तंत्रात कुरमुरे, शेव, कांदा वेगवेगळ्या वाट्यांत मिळतात. दुसऱ्यात थेट भेळेचा चमचा हातात येतो. ताटाच्या कोणत्या भागातला चमचा ते माहीत असते, त्यात काय किती आहे हे ओळखावे लागते.

या दोन्ही माहितींची सांगड घालणे हे आज संख्याशास्त्रातील एक अवघड काम आहे. ही सांगड चुकली तर रोगी पेशी निरोगी पेशींच्या गर्दीत मिसळून दिसेनाशी होऊ शकते.

कोसंबी कोण होते?

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास त्यांनी केला होता. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता.

दामोदरचे शालेय शिक्षण अमेरिकेतील केंब्रिज शहरात झाले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. गणिताबरोबरच अनेक युरोपीय भाषा त्याने आत्मसात केल्या. पुढे सायबरनेटिक्सचे जनक म्हणून ओळखले गेलेले गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्याचा स्नेह तिथेच जुळला.

भारतात परतल्यावर कोसंबींनी आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवले. अलीगढला त्यांना आणले ते फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी. १९३१ मध्ये कोसंबींचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनीही याच महाविद्यालयात पाली शिकवली होती. पुढची बारा वर्षे कोसंबी इथे गणित शिकवत राहिले. भूमितीवरील संशोधनासाठी १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

नाणी तोलण्यातून काय हाती लागले?

संख्याशास्त्र नीट शिकायचे तर एखादा खरा प्रश्न हवा, म्हणून कोसंबींनी नाणी निवडली. प्राचीन भारतात चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ठसे उमटवले जात. यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचे नाव नसते, वर्षही नसते. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे?

कोसंबींचा युक्तिवाद साधा होता. नाणे हातोहात फिरले की झिजते, म्हणून जुन्या नाण्यांचे सरासरी वजन कमी होते. पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. काही तिजोरीत पडून राहतात, काही बाजारात रोज फिरतात. त्यामुळे काळ जाईल तसा वजनांचा पसाराही वाढत जातो. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनातील नाणी गोळा केली. त्यांवर टांकसाळीचे वर्ष छापलेले असल्याने खरे वय माहीत होते. ही नाणी वर्षवार तोलून झिजेचा नियम त्यांनी आधी तपासला आणि मगच तक्षशिला येथे सापडलेल्या निधीतील प्राचीन नाण्यांना तो लावला.

त्यात आणखी एक धागा मिळाला. प्राचीन काळी सराफ नाणे तपासले की त्याच्या मागच्या बाजूस बारीक खूण करत. खुणा जितक्या जास्त, तितके नाणे जास्त फिरलेले. खुणा वाढतात तसे सरासरी वजन घटते, हे कोसंबींनी दाखवले. १९४० पासून त्यांचे हे लेख प्रसिद्ध होऊ लागले. वजन आणि खुणा या दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या, म्हणून निष्कर्षाला बळ आले.

याचे पेशीशास्त्रातील भावंड म्हणजे पेशींचा क्रम लावण्याची पद्धत. अस्थिमज्जेतील मूळ पेशीपासून रक्ताची पक्व पेशी होईपर्यंत अनेक टप्पे असतात. प्रयोगात सगळ्या टप्प्यांवरच्या पेशी एकदम हाती येतात, कुठलीवरही वेळेची नोंद नसते. मग जनुकांच्या हळूहळू बदलणाऱ्या पातळीवरून त्यांचा क्रम बांधला जातो. हे तंत्र कोसंबींच्या लेखांतून निघालेले नाही. पण तारीख नसलेल्या वस्तूंचा काळ त्यांच्या मोजमापांवरून ओळखायचा, हा विचार दोन्हीकडे सारखा आहे.

१९४३ चा लेख नेमका काय सांगतो?

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९४३ मध्ये कोसंबींचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता, फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्र. नाव जड आहे, पण कल्पना तळवड्यातील कोणत्याही हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कामगाराला कळेल अशी आहे.

समजा, भट्टीत दिवसाला चार बॅच निघतात आणि प्रत्येक बॅचचा सहा तासांचा तापमानाचा आलेख कागदावर उमटतो. दोन महिन्यांत दोनशेहून अधिक आलेख जमले. प्रत्येक आलेख म्हणजे एक वक्ररेषा, अनंत बिंदूंची. या वक्ररेषा एकमेकींपेक्षा वेगळ्या का आणि कशा, हे शोधायचे आहे. प्रत्येक मिनिटाचे तापमान वेगळे तपासत बसलो तर आकड्यांचा ढीग होईल, अर्थ निघणार नाही.

नीट पाहिल्यावर दिसते की फरक मोजक्याच प्रकारांचे आहेत. काही बॅचमध्ये सगळा आलेख वर सरकलेला असतो. काहींमध्ये भट्टी सुरुवातीला सावकाश तापते आणि नंतर पकड घेते. म्हणजे सरासरी आलेख एक, अधिक पहिल्या प्रकारचा फरक इतका, अधिक दुसऱ्या प्रकारचा तितका, एवढे सांगितले की मूळ आलेख जवळपास पुन्हा उभा राहतो. अख्ख्या वक्ररेषेच्या जागी दोन-तीन आकडे पुरतात. हे फरकाचे प्रकार आपण मनाने ठरवायचे नसतात, आलेखांच्या समूहातूनच ते बाहेर काढायचे असतात. पहिला प्रकार असा निवडायचा की तो सर्वांत जास्त पसारा समजावून देईल. दुसरा पहिल्यापासून स्वतंत्र असावा आणि उरलेल्या पसाऱ्यातील सर्वांत मोठा भाग त्याने घ्यावा. असे पुढे चालू ठेवायचे.

मोजक्या आकड्यांच्या बाबतीत ही कल्पना कोसंबींच्या आधीची आहे. इंग्लंडमध्ये कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि अमेरिकेत हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये ती मांडली होती. तिला मुख्य घटक विश्लेषण म्हणतात. कोसंबींनी ती वक्ररेषांपर्यंत, म्हणजे सलग बदलणाऱ्या राशींपर्यंत नेली.

आज एकपेशीय माहितीचे विश्लेषण बहुधा मुख्य घटकांपासूनच सुरू होते. २० हजार जनुकांच्या आकड्यांऐवजी प्रत्येक पेशीसाठी काही दशके आकडे ठेवले जातात आणि पुढचे सगळे काम, म्हणजे पेशींचे गट पाडणे, क्रम लावणे, दोन प्रयोग जुळवणे, या आटोपशीर आकड्यांवर चालते. ऊतीच्या कापावर जनुकांची पातळी जागेनुसार सलग बदलते, तिथे कोसंबींची वक्ररेषांची मांडणी अधिक थेट लागू पडते. जमिनीतील खनिजाचे प्रमाण, हवेच्या प्रवाहातील भोवरे, चेहऱ्यांची चित्रे अशा अनेक ठिकाणी हेच गणित वापरले जाते.

मग श्रेय कोणाला मिळाले?

फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव्ह यांनी चाळिशीच्या दशकात स्वतंत्रपणे हाच सिद्धांत मांडला. युरोप-अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांत तो या दोघांच्या नावाने रुजला. कोसंबींचा लेख महायुद्धाच्या धामधुमीत भारतीय नियतकालिकात छापला गेला होता. तो परदेशातील ग्रंथालयांत किती पोहोचला असेल, याची कल्पना करता येते. शिवाय कोसंबींनी स्वतः त्या लेखाचा पाठपुरावा केला नाही. त्यांचे मन एव्हाना नाणी, हस्तलिखिते आणि इतिहासाकडे ओढले गेले होते. अलीकडच्या काळात या सिद्धांताला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे नाव अनेक ठिकाणी दिले जाऊ लागले आहे.

जनुकांच्या नकाशावर मात्र नाव कसे टिकले?

कोसंबींचे नाव एका ठिकाणी कधीच पुसले गेले नाही. १९४४ मध्ये ब्रिटनमधील एका आनुवंशिकीच्या नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा लेख आला. प्रश्न असा होता : गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे न पाहता कसे सांगायचे?

आई-वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोडीत अपत्याकडे जाण्यापूर्वी तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जवळ असतील तर ती बहुधा एकत्रच राहतात, दूर असतील तर अदलाबदलीत वेगळी पडण्याची शक्यता वाढते. म्हणून वेगळ्या पडलेल्या अपत्यांचे प्रमाण हे अंतराचे माप ठरते. पण दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि काही घडलेच नाही असे वाटते. त्यामुळे प्रमाण पाहून थेट अंतर सांगितले तर ते कमी भरते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी सूत्र दिले होते. त्यात एका अदलाबदलीचा दुसरीवर परिणाम होत नाही असे धरले होते. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगत दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींच्या सूत्रात हा अडथळा हिशेबात घेतला आहे. फरक केवढा पडतो ते पाहा. ३० टक्के अपत्यांत दोन जनुके वेगळी पडली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. पिकांच्या नव्या वाणांसाठी जनुकांचे नकाशे बनवणारे संशोधक आजही संगणकाला कोसंबी की हाल्डेन, यांपैकी कोणते सूत्र वापरायचे ते सांगतात. पुढे १९५७ मध्ये हाल्डेन स्वतः भारतात येऊन स्थायिक झाले, हा एक सुंदर योगायोग.

या लेखातही तोच धडा आहे. शेजारी शेजाऱ्यावर परिणाम करतो. तो परिणाम शून्य धरला तर गणित सोपे होते, पण नकाशा चुकतो. ऊतीच्या कापावरील पेशींनाही हे तंतोतंत लागू आहे. गाठीच्या कडेला असलेली रोगप्रतिकारक पेशी आणि गाठीच्या पोटात शिरलेली तशीच पेशी सारखी वागत नाही.

हस्तलिखितांचा आणि पेशींचा संबंध काय?

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत. दख्खनची राणी ही त्यांची नेहमीची गाडी. चिंचवड, देहूरोड, तळेगाव मागे टाकत ती मुंबई गाठत असे. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास केला.

याच काळात त्यांचे संस्कृतमधील मोठे काम पूर्ण झाले. भर्तृहरीची शतके घरोघर पाठ होती, पण प्रत्येक प्रदेशातील हस्तलिखितात श्लोकांची संख्या आणि पाठ निराळे. भर्तृहरीचे म्हणून साडेआठशेच्या आसपास श्लोक फिरत होते. कोसंबींनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते जमवली, त्यांची प्रदेशवार कुळे लावली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. सगळ्या परंपरांत साधारणपणे आढळणारे सुमारे २०० श्लोक त्यांनी गाभा म्हणून वेगळे काढले.

नकलाकाराची चूक कोणती आणि त्या प्रदेशाचा खरा पाठभेद कोणता, हे ओळखणे हा या कामाचा कस होता. पेशीशास्त्रात आज हाच पेच रोज उभा राहतो. तळवड्यातील वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. पहिल्या शिफ्टचा मायक्रोमीटर दोन मायक्रॉन जास्त दाखवतो. दोन शिफ्टची मापे एकत्र करायची तर ही खोट वजा करायला हवी. पण दुसऱ्या शिफ्टमध्ये टूल खरोखरच झिजले असेल तर? सगळा फरक मायक्रोमीटरच्या माथी मारून पुसून टाकला, तर झिजलेले टूल कागदावर नवे दिसेल आणि खराब माल पुढे जाईल.

पेशींच्या बाबतीतही रुग्णांचे नमुने एका प्रयोगशाळेत आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या प्रयोगशाळेत वाचले गेले असतील, तर यंत्राचा फरक आणि रोगाचा फरक एकमेकांत गुंततात. यावर उपाय म्हणून दोन्ही नमुन्यांतील एकमेकांना सर्वांत जवळच्या पेशींच्या जोड्या शोधल्या जातात आणि त्या जोड्यांमधील अंतरावरून यंत्राची खोट ओळखली जाते. ज्या पेशीला समोरच्या बाजूला जोडीदारच नाही, तिला ओढूनताणून कोणाशी जुळवायचे नसते. कदाचित रोगाची खूण तीच असते. हस्तलिखितांच्या कामातही एकाच प्रदेशात आढळणारा श्लोक फेकून देता येत नाही. कोसंबींनी असे श्लोक गाळले नाहीत, वेगळ्या गटात नोंदवून ठेवले.

टेकड्या का पालथ्या घातल्या?

कोसंबींच्या इतिहासाचे वैशिष्ट्य म्हणजे पायपीट. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा ग्रंथ आला. राजांच्या वंशावळींऐवजी लोक काय पिकवत, कोणती अवजारे वापरत, माल कोणत्या वाटेने जाई, यावर त्यात भर होता. त्यासाठी पुस्तके पुरेशी नव्हती. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर त्यांनी गारगोटीची सूक्ष्म पाषाणहत्यारे वेचली, थेऊरच्या बाजूला महापाषाण पाहिले, कार्ल्याच्या लेण्यातील स्तंभांवरचे लेख नव्याने वाचले. तुकोबांच्या एकांताशी जोडलेले भंडारा आणि भामचंद्र हे डोंगरही त्यांच्या या भ्रमंतीत येतात. यांपैकी भामचंद्र आज चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी आहे.

संग्रहालयातील कपाटात ठेवलेल्या दगडी पात्याकडे पाहून त्याचे वय आणि कारागिरी कळू शकते. ते पाते कोणत्या उतारावर, कोणत्या देवीच्या ठाण्याजवळ, कोणत्या जुन्या वाटेच्या चौरस्त्यावर सापडले, हे कळले तर माणसांची हालचाल दिसू लागते. म्हसोबा, बोल्हाई यांची ठाणी, मेंढपाळांच्या वाटा, बौद्ध लेणी आणि हत्यारे सापडण्याच्या जागा एकत्र ठेवल्यावर कोसंबींना दिसले की यातील कितीतरी एकाच जुन्या मार्गांवर येतात. त्यांच्या १९६२ च्या मिथ अँड रिअॅलिटी या पुस्तकात हा धागा सापडतो.

सुट्या पेशीला पत्ता नसतो तेव्हा जीवशास्त्रज्ञाची अवस्था कपाटातल्या पात्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकासारखी होते. म्हणून सुट्या पेशींची सविस्तर यादी आणि ऊतीच्या कापावरील ठिपके एकत्र वाचले जातात. प्रत्येक प्रकारच्या पेशीची जनुकीय ओळख पहिल्या तंत्रातून घ्यायची आणि कापावरील प्रत्येक ठिपक्यात त्या त्या पेशी किती असाव्यात, याचा अंदाज बांधायचा. भेळेच्या चमच्यात शेव किती आणि कुरमुरे किती, हे प्रत्येकाची चव आधी माहीत असली तर सांगता येते. आधी चाखलेल्या वाट्यांत नसलेला पदार्थ चमच्यात असेल तर मात्र हिशेब चुकतो, आणि ती शक्यता संशोधकाला कायम लक्षात ठेवावी लागते.

कोसंबी चुकले कुठे?

या आयुष्याला दुखरी बाजूही आहे. संख्याशास्त्रावरचा विश्वास कोसंबींना एकदा फार पुढे घेऊन गेला. मूळ संख्यांच्या मांडणीविषयीचे रीमान यांचे अनुमान हा गणितातील सर्वांत प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न. १९५९ मध्ये कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने जात त्यासंबंधीचा लेख कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. अंकशास्त्रातील जाणकारांना त्यातील युक्तिवाद सदोष आढळला. एखादी गोष्ट बहुतेक वेळा खरी ठरण्याची शक्यता दाखवणे आणि ती नेहमीच खरी आहे हे सिद्ध करणे, यांत दरी आहे. गणिती म्हणून कोसंबींच्या प्रतिष्ठेला या लेखाने मोठा धक्का बसला.

संस्थेशी त्यांचे आधीच बिनसले होते. जागतिक शांतता चळवळीत ते सक्रिय होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते उघडपणे मांडत. भाभांच्या संस्थेत राहून हे बोलणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. नंतर १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद संशोधकपद दिले. १९६५ मध्ये प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यावरील त्यांचे गाजलेले पुस्तक आले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षात, पुण्यात त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रीमानच्या प्रकरणातही आजच्या पेशीसंशोधनासाठी इशारा आहे. संगणक लाखो पेशींचे रंगीत ठिपक्यांचे सुंदर चित्र काढतो. दोन ठिपके जवळ दिसले म्हणून त्या पेशी खरोखर नात्यातल्या आहेत, असे सिद्ध होत नाही. चित्रातून अंदाज मिळतो. तो पुन्हा प्रयोगशाळेत, दुसऱ्या नमुन्यावर, दुसऱ्या पद्धतीने तपासावा लागतो. नाण्यांच्या वेळी कोसंबींनी हेच केले होते. प्राचीन नाण्यांना हात लावण्याआधी ज्यांचे वय माहीत होते अशी नाणी तोलून पाहिली होती.

मग त्यांचा वारसा कोणता?

कोसंबींनी पेशीशास्त्रावर काम केले नाही. एकपेशीय तंत्र येण्याआधी त्रेचाळीस वर्षे ते गेले होते. १९४३ च्या सिद्धांताचे नाते थेट आहे, बाकीची साम्ये विचारपद्धतीची आहेत. पण ती वरवरची नाहीत. वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे एकत्र आणायचे, प्रत्येकाची खोट आधी ओळखायची, फरक घाईने पुसायचा नाही आणि वस्तूचा पत्ता कधीही फेकून द्यायचा नाही, ही शिस्त त्यांच्या नाण्यांत, हस्तलिखितांत आणि टेकड्यांवर सारखीच दिसते.

तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमध्ये आकडेवारीवर काम करणाऱ्या आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर धरणाऱ्या तरुणांसाठी ही शिस्त परकी नाही. रीडिंग आले की ते कोणत्या मशीनचे, कोणत्या शिफ्टचे, कोणत्या जागेवरचे, हे चांगला कामगार आधी विचारतो. रुग्णाच्या गाठीतील पेशींचे आकडे समोर आल्यावर संशोधकालाही आधी हेच विचारावे लागते.